यकृताचा एक दुर्मिळ कर्करोग आणि शस्त्रक्रिया
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनात आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची कामगिरी चिटणीसांनी मजवर सोपविली, तेव्हा मी मधुमेह किंवा रक्तदाब यांविषयी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय महत्त्वाचे खरेच. परंतु त्यांविषयी आपण वर्तमानपत्रांतून आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून पुष्कळ ऐकतो. आज ज्या व्याधीविषयी मी बोलणार आहे तिचे नावही आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवर आलेले नसेल. यकृताच्या कर्करोगाचा तो एक दुर्मिळ प्रकार असून डॉक्टर त्याला फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा असे म्हणतात. इतक्या दुर्मिळ रोगासाठी एवढ्या मोठ्या सभेचा वेळ का घ्यावा, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच ठरेल. माझे उत्तर असे की, हा रोग म्हाताऱ्यांचा नव्हे आणि मद्यपान करणाऱ्यांचाही नव्हे. तो बहुधा शाळा-कॉलेजात जाणाऱ्या, धडधाकट दिसणाऱ्या मुलामुलींना गाठतो. आणि त्यावर आजमितीस जो मुख्य उपाय उपलब्ध आहे, त्याच उपायाला आपल्या घराघरांतून सर्वांत अधिक विरोध होतो. तो उपाय म्हणजे शस्त्रक्रिया.

मी डॉक्टर नाही, हे प्रारंभीच सांगणे इष्ट. जुनी अकरावी उत्तीर्ण झालेला आणि सारी हयात फळा व खडू यांच्या संगतीत घालविलेला मी एक मास्तर. सेवानिवृत्तीनंतर मंडळाच्या वतीने रुग्णांच्या सोबतीला परळास जाण्याचे काम यथाशक्ति करीत आलो आहे. पहाटे विरारहून सुटणाऱ्या गाडीत एकीकडे दादरच्या बाजारी निघालेल्या फुलांच्या टोपल्या आणि दुसरीकडे मांडीवर तपासण्यांची जाड फाईल घेऊन बसलेले आपलेच कोणी आप्त, हे दृश्य मला आता सवयीचे झाले आहे. टाटा रुग्णालयातील बाकांवर बसून जे ऐकले, तेथील डॉक्टरांना धीर करून जे विचारले आणि घरी येऊन जे वाचले, त्यातून मी ही माहिती गोळा केली आहे. माझ्या सांगण्यावरून कोणी आपल्या औषधोपचारांत बदल करावा असा माझा मुळीच हेतू नाही.

प्रथम यकृताची ओळख करून घेऊ. ‘काळीज’ हा शब्द आपण प्रेमाच्या आणि धैर्याच्या गोष्टी बोलताना हृदयासाठी वापरतो. परंतु मटणाच्या दुकानात काळीज मागितले की दुकानदार यकृतच कापून देतो. भाषेपेक्षा दुकानदाराचे शरीरशास्त्र अधिक अचूक आहे म्हणावयाचे! उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांच्या आड दडलेले हे इंद्रिय प्रौढ माणसात सुमारे सव्वा ते दीड किलो वजनाचे असते. पित्त तयार करणे, अन्नातील साखर साठवून ठेवणे, रक्त गोठण्यास लागणारे घटक निर्माण करणे, शरीरातील विषारी पदार्थ निष्प्रभ करणे अशी नाना कामे ते मुकाट्याने करीत असते. त्याला रक्त दोन वाटांनी मिळते. एक वाट शुद्ध रक्ताच्या रोहिणीची. आणि दुसरी, जिच्यातून जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त येते ती, आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेची. हिला डॉक्टर पोर्टल व्हेन म्हणतात. मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त या इंद्रियातून वाहते. तेव्हा यकृत कापणे म्हणजे रक्ताने भिजलेला स्पंज कापणे होय, आणि म्हणूनच शतकानुशतके वैद्यांनी आणि शल्यविशारदांनी त्याला हात लावण्याचे टाळले.

परंतु या भित्या इंद्रियाला निसर्गाने एक विलक्षण शक्ती दिली आहे. ती समजावून घेण्यासाठी आपण वसईकर मंडळी केळीच्या बागेचे उदाहरण घेऊ. केळीचा खांब तोडला की बुडाशी मुनवे वर येतात आणि बाग चालू राहते. यकृताचे अगदी तसे नाही. त्याचा कापून टाकलेला भाग पुन्हा त्या जागी उगवत नाही. मागे उरलेला भागच स्वतः वाढू लागतो आणि काही आठवड्यांत, काही महिन्यांत गेलेल्या भागाचे काम अंगावर घेतो. यकृत निरोगी असेल तर त्याचा पाऊण हिस्सा काढून टाकला आणि एक चतुर्थांशाच्या आसपास मागे ठेवला तरी माणूस जगू शकतो. ही गोष्ट मी प्रथम ऐकली तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. आज या व्याख्यानातील सारा युक्तिवाद याच एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून आपण ती ध्यानात ठेवावी अशी विनंती आहे.

यकृताचा जो नेहमीचा कर्करोग आहे, तो बहुधा आधीच बिघडलेल्या यकृतात उद्भवतो. हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ या विषाणूंमुळे, वर्षानुवर्षांच्या मद्यपानामुळे, किंवा अलीकडे स्थूलपणा व मधुमेह यांबरोबर येणाऱ्या चरबीमुळे यकृत कठीण, गाठाळ होते. यालाच सिऱ्हॉसिस म्हणतात. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतील आणि धान्यांतील विषही या रोगास हातभार लावते. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू शोधून काढल्याबद्दल बारूख ब्लुंबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञास 1976 साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यावरील लस आपल्या देशातील सरकारी लसीकरणात 2011 पासून सर्व राज्यांतील बालकांना देण्यात येऊ लागली. लसीने कर्करोग टाळता येतो याचे हे एक ठळक उदाहरण आहे. ज्यांच्या घरी तान्ही बाळे आहेत त्यांनी जन्मतःच द्यावयाची मात्रा चुकवू नये. एवढे सांगून मी या नेहमीच्या रोगाचा निरोप घेतो.

फायब्रोलॅमेलर प्रकाराचे मात्र सारेच निराळे. यकृतात उद्भवणाऱ्या कर्करोगांत तो शंभरात एखादाच असतो. त्याचा रुग्ण बहुधा दहा ते पस्तीस वर्षांच्या दरम्यानचा. त्याला ना विषाणूची बाधा झालेली असते, ना दारूचे व्यसन असते. गाठीखेरीज उरलेले यकृत लुसलुशीत आणि निरोगी असते. 1956 साली लॉस एंजेलिसचे विकृतिशास्त्रज्ञ ह्यू एडमंडसन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीच्या यकृतातील अशा गाठीचे प्रथम वर्णन केले. पुढे 1980 साली अमेरिकेतीलच अभ्यासकांच्या दोन गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हा वेगळा रोग आहे असे दाखवून दिले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता कर्कपेशींच्या भोवती तंतूंचे समांतर पदर दिसतात. फायब्रो म्हणजे तंतूंचा आणि लॅमेलर म्हणजे पदरापदरांचा, असा त्या लांबलचक नावाचा साधा अर्थ आहे.

आता एक उलटी वाटणारी गोष्ट सांगतो. मद्यप्याच्या कठीण झालेल्या यकृतात लिंबाएवढी गाठ असली तरी शल्यविशारद पुष्कळदा मान हलवितो, कारण उरलेल्या यकृतात वाढण्याची शक्ती नसते. या दुर्मिळ प्रकारात गाठ नारळाएवढी झालेली असते आणि तरीही शस्त्रक्रिया करता येण्याचा संभव राहतो, कारण उरलेले यकृत तरुण आणि निकोप असते. गाठीचा आकार ऐकून ‘आता काय उरले आहे’ असे म्हणून हातपाय गाळणारे नातलग मी पाहिले आहेत. त्यांनी डॉक्टरांना विचारावयाचा खरा प्रश्न हा की, गाठ काढल्यावर मागे किती यकृत राहील, ते कसे असेल, त्याच्याकडे जाणाऱ्या आणि त्याच्यातून निघणाऱ्या रक्तवाहिन्या शाबूत राहतील की नाही, आणि रोग इतरत्र गेला आहे काय.

हा रोग ओळखू येण्यास उशीर होतो, त्याची कारणेही समजण्यासारखी आहेत. यकृतात दुखण्याची जाणीव फारशी नसते. गाठ वाढून वरचे आवरण ताणले गेले म्हणजे कोठे दुखू लागते. उजव्या बरगडीखाली जडपणा, थोडे जेवले तरी पोट भरल्यासारखे वाटणे, वजन घटणे, थकवा, आणि एखादे दिवशी आंघोळ करताना हाताला लागलेला गोळा, अशी ही लक्षणे. विशीतल्या मुलाने ही तक्रार केली की आपण म्हणतो, बाहेरचे खाणे फार झाले. मुलीने केली की म्हणतो, अभ्यासाचा ताण आहे, किंवा बारीक होण्यासाठी जेवण टाकते आहे. रक्ताची एक तपासणी आहे, तिला ए.एफ.पी. म्हणतात. यकृताच्या नेहमीच्या कर्करोगात तिचे प्रमाण पुष्कळदा वाढलेले असते. या प्रकारात मात्र ते बहुधा प्राकृतच येते, आणि तो कागद पाहून घरची मंडळी निश्चिंत होतात. त्या एका कागदावर विसंबून राहू नये. पोटाची साधी सोनोग्राफी आता वसईत, विरारात, नालासोपाऱ्यात सर्वत्र होते. महिना दीड महिना औषध घेऊनही उजव्या बाजूचे दुखणे हटत नसेल, तर डॉक्टरांकडे तिचा विषय काढण्यास संकोच कसला?

उशीर होण्याचे आणखी एक कारण आपल्याच आसपास आहे आणि ते बोलून दाखविणे मला भाग आहे. पोटाच्या उजव्या बाजूचे दुखणे म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे ती उतरविणाऱ्याकडे जाणे, ही समजूत आपल्या भागात अद्याप शाबूत आहे. हातांना कसलासा रस लावून चुन्याच्या पाण्यात हात धुवावयास सांगतात. पाणी पिवळे होते, आणि कावीळ हातांवाटे उतरली असे रुग्णाला वाटते. आंब्याच्या सालीचा रस चुन्याच्या निवळीत मिसळला तर कोणाच्याही हातांवरून पिवळे पाणी उतरेल. शंका असेल त्याने घरी करून पाहावे. मी शाळेत मुलांना हा प्रयोग करून दाखवीत असे. ज्या काविळी विषाणूमुळे येतात आणि आपोआप बऱ्या होतात, त्यांच्या बाबतीत या उपचाराने फारसे नुकसान होत नसेल. परंतु ज्याच्या पोटात गाठ वाढते आहे, त्याचे दोन-तीन महिने अशा माळांत आणि थेंबांत गेले तर ते त्याला कोण परत देणार?

आता शस्त्रक्रियेकडे वळू. यकृतावरील शस्त्रक्रियेचा इतिहास हा रक्तस्रावाशी झालेल्या झुंजीचा इतिहास आहे. 1888 साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी एका स्त्रीच्या यकृताचा गाठ असलेला भाग ठरवून कापून काढला. रक्तस्रावामुळे तिचे पोट पुन्हा उघडावे लागले, पण ती वाचली. 1908 साली ग्लासगोच्या प्रिंगल यांनी दाखविले की, यकृताच्या देठाशी, जेथून रक्तवाहिन्या आत शिरतात तेथे, बोटांनी किंवा चिमट्याने दाब दिला तर तेवढा वेळ आत येणारे रक्त थांबते. आजही ही युक्ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हनोईच्या तोन थात तुंग यांनी 1935 ते 1939 या काळात दोनशेहून अधिक मृतांच्या यकृतांचे विच्छेदन करून आतील शिरांचे मार्ग शोधून काढले. यकृताचा मऊ भाग बोटांनी चुरीत जावयाचे आणि हाताला लागेल ती नळी बांधून तोडावयाची, अशी त्यांची पद्धत. आंब्याचा पिकलेला गर कुस्करताना रेषा हाताला लागतात, तसे काहीसे हे आहे. आशियातल्या एका परतंत्र देशातील तरुण डॉक्टराने तुटपुंज्या साधनांनिशी हे काम केले, याचे मला विशेष कौतुक वाटते. पाठ्यपुस्तकांतून पाश्चात्त्यांचीच नावे शिकविण्यात माझा जन्म गेला, म्हणूनही असेल.

1957 साली फ्रान्सचे क्लोद क्विनो यांनी यकृताचे आठ भाग पाडून दाखविले. प्रत्येक भागाला रक्त आणणारी आपली शाखा आहे आणि पित्त नेणारी आपली नळी आहे. एखाद्या वाडीत आठ सामायिक वाटण्या असाव्यात आणि प्रत्येकीला पाटाचे पाणी वेगळ्या दांडाने मिळावे, तसे. एका वाटणीचे पाणी बंद केले तरी शेजारची सुकत नाही. या ज्ञानामुळे शल्यविशारदाला कोणता भाग काढावा आणि कोणता राखावा याचा हिशेब आधीच मांडता येऊ लागला. पुढे जपानच्या माकुउची प्रभृतींनी 1980 नंतरच्या दशकात आणखी एक चतुर युक्ती रूढ केली. जो भाग काढावयाचा आहे, त्याच्याकडे जाणारी पोर्टल शिरेची शाखा काही आठवडे आधी बुजवून टाकावयाची. रक्ताचा ओघ वळतो, राखावयाचा भाग शस्त्रक्रियेपूर्वीच वाढू लागतो, आणि मागे पुरेसे यकृत उरणार नाही ही भीती कमी होते.

आजची शस्त्रक्रिया या सगळ्यांच्या खांद्यावर उभी आहे. सी.टी. किंवा एम.आर.आय. चित्रांवरून मागे किती यकृत राहील याचे मोजमाप होते. पोट उघडल्यावर यकृतावरच सोनोग्राफीचे यंत्र ठेवून गाठीची सीमा पाहतात. भूल देणारे डॉक्टर मोठ्या शिरांतील दाब मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे रक्त कमी जाते. पेशी फोडून शिरा शाबूत ठेवणारी ध्वनिलहरींची साधने आता आहेत. फायब्रोलॅमेलर प्रकारात रोग यकृताच्या देठाजवळील लसीका-ग्रंथींत जाण्याचा कल असतो, म्हणून गाठीबरोबर त्या ग्रंथीही काढतात. शस्त्रक्रिया पुष्कळ तास चालते. अनुभवी केंद्रांत तिच्यामुळे मृत्यू येण्याचे प्रमाण आता शंभरात पाचांच्या आत आले आहे. परंतु पित्त झिरपणे, जंतुसंसर्ग, उरलेले यकृत काही दिवस अपुरे पडणे हे धोके राहतातच, आणि संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते समजावून घेण्याचा आपला हक्क आहे.

आपल्या परिसरातील एका मुलीची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही. माझ्या शाळेतून गेलेली, बारावीत शिकणारी. चार महिने पोटदुखीवर निरनिराळी औषधे झाली, मग सोनोग्राफीत गाठ दिसली आणि परळास पाठवणी झाली. तेथे तपासण्या होऊन शस्त्रक्रियेचा निर्णय झाला, त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी होतो. मुलीची आत्या म्हणाली, “मास्तर, कॅन्सरला चाकू लागला की तो भडकतो. आमच्या दिराचं पोट उघडलं आणि दोन महिन्यांत माणूस गेला. पोरीला सुखानं राहू द्या.” आत्याबाई अडाणी नव्हत्या, घरच्या पानवेलींचा हिशेब त्या तोंडपाठ सांगत. मी त्यांना विचारले, “दिराचं पोट उघडून गाठ काढली होती का?” त्या म्हणाल्या, “नाही. पसरलंय म्हणून पुन्हा शिवलं.” मग मी म्हणालो, “आत्याबाई, मग चाकूनं पसरलं कसं? पसरलेलं आधीच होतं; चाकूनं ते फक्त दिसलं.” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आपल्या समाजात ही समजूत एवढी खोल रुजण्याचे कारण मला यातच दिसते. मागील पिढीत सोनोग्राफी नव्हती, सी.टी. नव्हते, रोग किती आहे हे पाहण्यासाठीच पोट उघडावे लागे, आणि पुष्कळदा तसेच शिवावे लागे. लोकांनी जे पाहिले त्यावरून अनुमान काढले. अनुमान चुकीचे असले तरी पाहिलेले खोटे नव्हते, म्हणून अशा माणसांना हसू नये. सुई घालून तुकडा तपासण्याविषयीही अशीच शंका असते. यकृताच्या गाठीत सुईच्या मार्गाने पेशी पसरण्याचा धोका अल्प असला तरी अगदीच नाही असे नाही. म्हणूनच चित्रांवरून गाठ काढण्यासारखी दिसत असेल, तर कित्येकदा डॉक्टर सुई न घालता सरळ शस्त्रक्रियाच करतात. केव्हा काय करावे हे त्यांच्यावर सोपविणे बरे.

त्या मुलीचे यकृत निम्म्याहून अधिक काढावे लागले. तिसऱ्या आठवड्यात ती घरी आली. अशक्तपणा पुष्कळ होता, परीक्षेचे ते वर्ष बुडाले. पुढल्या वर्षी ती परीक्षेला बसली.

सर्वांचेच असे होते असे मी म्हणणार नाही. व्यासपीठावरून खोटी आशा वाटणे हे पाप आहे. गाठ पूर्णपणे काढता आली तर निम्म्याहून अधिक रुग्ण पाच वर्षे पार करतात असा अनुभव आहे. गाठ काढता आली नाही तर चित्र फार उदास असते. आणि पूर्ण काढल्यानंतरही हा रोग पुष्कळांमध्ये परत डोके वर काढतो. यकृतातच, ग्रंथींत किंवा फुप्फुसात. मात्र येथेही त्याचा स्वभाव इतर कर्करोगांहून निराळा आहे. परत आलेली गाठ वेळेवर दिसली आणि काढण्याजोगी असली तर दुसऱ्यांदा, प्रसंगी तिसऱ्यांदाही शस्त्रक्रिया करतात आणि तिचा लाभ होतो. नेहमीच्या केमोथेरपीचा या रोगावर भरवशाचा असा परिणाम दिसलेला नाही. निवडक रुग्णांत यकृतारोपणाचाही विचार होतो. परंतु रोग यकृताबाहेर गेलेला नसावा लागतो.

औषधांच्या शोधाविषयी एक गोष्ट तरुण श्रोत्यांसाठी मुद्दाम सांगतो. न्यूयॉर्कच्या एलाना सायमन या मुलीला बाराव्या वर्षी हाच रोग झाला. शस्त्रक्रियेने ती बरी झाली. शाळेत असतानाच तिने स्वतःच्या रोगाचा अभ्यास करण्याचे मनावर घेतले. तिचे वडील रॉकफेलर विद्यापीठात शास्त्रज्ञ. त्यांच्या प्रयोगशाळेत, आणि तिची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या साह्याने, पंधरा रुग्णांच्या गाठींचे नमुने तपासण्यात आले. पंधराही नमुन्यांत एकच दोष आढळला. एकोणिसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळून पडल्यामुळे दोन जनुके एकमेकांना जोडली जाऊन एक विपरीत जनुक तयार झाले होते, आणि तेच पेशींना अखंड वाढण्याची आज्ञा देत होते. हा शोध 2014 च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला तेव्हा एलाना अठरा वर्षांची होती. या जोड-जनुकामुळे निदान पक्के करणे सोपे झाले आहे आणि त्याला लक्ष्य करणाऱ्या औषधांचे व लसींचे प्रयोग चालू आहेत. शस्त्रक्रियेची जागा घेईल असे औषध मात्र अद्याप हाती आलेले नाही. नमुने मिळाले ते शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांनी ते देऊ केले म्हणून. आपल्याकडे रुग्णालयात असे विचारले की नातलग कागद दूर सारतात.

लहान बालकांत यकृताचा आणखी एक दुर्मिळ कर्करोग होतो. त्याला हिपॅटोब्लास्टोमा म्हणतात. तो बहुधा तीन वर्षांच्या आतील बालकांत आढळतो. तेथे ए.एफ.पी. खूप वाढलेले असते, आणि पुष्कळदा आधी औषधे देऊन गाठ लहान करतात व मग शस्त्रक्रिया करतात. औषधे आणि शस्त्रक्रिया यांच्या जोडीने बहुसंख्य बालके आज बरी होतात. तान्ह्या बाळाचे पोट एका बाजूला फुगलेले दिसले तर ‘बाळसे आहे’ म्हणून कौतुक करण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आता परळाविषयी थोडे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. दोराबजीही 1932 साली वारले. त्यांनी मागे ठेवलेल्या विश्वस्त निधीतून 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. 1957 साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि 1962 साली अणुशक्ती विभागाकडे गेले. आपल्या मराठी माणसांना अभिमान वाटावा असे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे येथील आद्य विकृतिशास्त्रज्ञ. ज्या रस्त्यावर रुग्णालय आहे त्याला येथीलच नामांकित शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव दिलेले आहे. दरवाजाशी रिक्षावाल्यापासून मंत्र्यापर्यंत सारे एकाच रांगेत दिसतात, असे म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः सर्वसाधारण आणि खासगी असे दोन वर्ग आहेत आणि रांगा वेगळ्या आहेत. परंतु शस्त्रक्रिया करणारे हात तेच असतात, हे मी स्वतः पाहिले आहे. रोगाचा निर्णय एकटा डॉक्टर घेत नाही; शल्यविशारद, औषधतज्ज्ञ, किरणतज्ज्ञ आणि चित्रे वाचणारे असे सर्वजण एकत्र बसून ठरवितात. त्यामुळे वेळ लागतो. वेळ लागतो म्हणून चिडून रुग्णाला मध्येच दुसरीकडे हलविणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. यकृताची शस्त्रक्रिया ज्यांच्या हातून वर्षाकाठी पुष्कळ होते, अशांकडेच ती करवून घेण्यात शहाणपणा आहे.

पहिल्या खेपेस जाणाऱ्यांनी सोनोग्राफी आणि सी.टी. यांचे नुसते अहवाल नव्हे तर मूळ फिल्म आणि तबकडीही न्यावी. ती नसेल तर तपासणी पुन्हा करावी लागते आणि आठवडा जातो. तुकडा आधीच तपासला असेल तर काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा मूळ प्रयोगशाळेकडून मागून घ्यावा. तो रुग्णाचा आहे आणि मागितल्यास देतात. शिधापत्रिका व आधारपत्र बरोबर असावे, कारण महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी त्यावाचून होत नाही. आपण विरारकर-वसईकर रात्री घरी परतू शकतो. परंतु जव्हार-मोखाड्याकडील रुग्ण सोबत असतील तर त्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा दाखवून द्यावी. तेथे टाटातील रुग्ण आणि त्यांचे नातलग यांची राहण्याची सोय होते. रक्तदात्यांची सोय आधी करावी. गेल्या खेपेस आपल्या तरुण मंडळातील सहाजण पहाटेच्या गाडीने आले होते, त्यांचा येथे नामोल्लेख करण्यास त्यांनीच मनाई केली आहे.

शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन-तीन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी आणि पुढे अधिक अंतराने तपासणीसाठी जावे लागते. बरे वाटू लागले की ही खेप टाळण्याकडे कल होतो, लग्नसराईत तर विशेष. या खेपांच्या तारखा मंडळाच्या कार्यालयातील वहीत नोंदवून ठेवण्याची व्यवस्था आपण गेल्या वर्षापासून केली आहे. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी संकोच न करता आज सभा संपल्यावर माझ्याकडे किंवा चिटणीसांकडे यावे. नावे गुप्त राहतील.